अंजीर आणि डाळिंब : वाटूरच्या शिवारासाठी जातीची निवड

(परतूर तालुक्यातील वाटूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व बागायतदार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज जो प्रश्न विचारण्यात आला आहे तो वरवर पाहता अगदी साधा आहे. शाळेच्या व पंचायतीच्या आवारात आणि गावातील काही शेतकऱ्यांच्या जमिनीत अंजीर व डाळिंब लावावयाचे आहे, तर कोणती जात घ्यावी, एवढेच आपल्याला हवे आहे. एखाद्या जातीचे नाव सांगून मला दोन मिनिटांत खाली बसता आले असते. तथापि फळझाडाची जात म्हणजे कपाशीचे वाण नव्हे. कपाशी फसली तर पुढच्या मृगात दुसरे वाण पेरता येते. डाळिंबाची वा अंजिराची जात चुकली तर ती चूक कळावयास तीन वर्षे लागतात आणि तोवर विहिरीचे पाणी, शेणखत, मजुरी आणि मुख्य म्हणजे ती जमीन, सर्व अडकून पडलेले असते. या जिल्ह्याने २०१२ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या आहेत. ज्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेली झाडे स्वतःच्याच हाताने तोडली, त्यांतील काही जण आज येथे बसलेले असतील. म्हणून जातीचे नाव घेण्यापूर्वी थोडे मागून सुरुवात करण्याची मी परवानगी घेतो.

आपण डाळिंबापासून प्रारंभ करू.

महाराष्ट्रात जुन्या काळी जी डाळिंबे होत, त्यांत आळंदी आणि मस्कत या जाती प्रमुख होत्या. आळंदीचा दाणा रंगाला चांगला, पण बी टणक. खाणाऱ्याला दाण्यापेक्षा बी जास्त चावावे लागे. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात डॉ. जी. एस. चीमा यांनी या आळंदी जातीच्या बियांपासून रोपे वाढवली, त्यांतील प्रत्येक झाडाची फळे तपासली आणि एक झाड निवडले. मऊ बियांचे, भरपूर फळे देणारे असे ते झाड होते. १९३६ साली हे वाण ‘जी. बी. जी. १’ या नावाने पुढे आले आणि १९७० साली त्याला ‘गणेश’ हे नाव मिळाले. द्राक्षातील ‘चीमा साहेबी’ हे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांना हेच चीमा आठवतील. पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील डाळिंब म्हणजे गणेश असेच समीकरण होते.

ही हकिगत मी गुरुजींसाठी मुद्दाम सांगितली. मुले खाल्लेल्या डाळिंबाच्या बिया मातीत टाकतात, रोप उगवते आणि सर्वांना आनंद होतो. ते अवश्य करावे. पण बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते, मायझाडासारखे निघेलच असे नाही, हे मुलांना त्याच वेळी सांगावे. चीमांनी पुष्कळ रोपांमधून एक ठेवले आणि बाकीची सोडून दिली. शेतकऱ्याला एवढी चैन परवडत नाही; म्हणून त्याने गुटी कलमच लावावे.

गणेश वाणाची एक उणीव मात्र राहिली. त्याचा दाणा फिकट गुलाबी असतो, आणि फळ कडक उन्हाळ्यात पक्व झाले तर तेवढाही रंग राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर ‘गुलेशा रेड’ या गडद लाल रशियन जातीशी करण्यात आला. त्यातून ‘मृदुला’ आणि ‘आरक्ता’ ही वाणे मिळाली. दोहोंचे दाणे गडद लाल आणि बी मऊ. फळ मात्र गणेशपेक्षा लहान. त्यानंतर ‘भगवा’ आला. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशा वेगवेगळ्या नावांनी तो आधीच शेतकऱ्यांच्या बागांत पसरलेला होता. विद्यापीठाने त्याची पाहणी करून ‘फुले भगवा’ या नावाने तो प्रसारित केला. जाड, चकचकीत केशरी साल आणि मऊ बी हे त्याचे गुण. साल जाड असल्याने फळ लांबच्या प्रवासात टिकते, आणि त्यामुळेच निर्यातीचे डाळिंब म्हणजे भगवा, असे आज झाले आहे. सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने अलीकडे ‘सोलापूर लाल’ हे वाण दिले आहे. त्याच्या दाण्यांत लोह, जस्त आणि ‘क’ जीवनसत्त्व यांचे प्रमाण अधिक असते. अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या आवारासाठी ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

मग सर्वांनीच भगवा लावावा काय?

येथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण या गावापुरता प्रश्नाचा गाभा हाच आहे. भगव्याचे फळ फुलापासून काढणीपर्यंत सुमारे सहा महिने झाडावर राहते. मृदुला व आरक्ता त्याच्या महिना-दीड महिना आधी तयार होतात. हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु तो महिना-दीड महिना कोणत्या ऋतूत येतो, हे पाहिले पाहिजे.

डाळिंबाला वर्षातून तीन वेळा बहार धरता येतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सोडून धरलेला आंबे बहार, पावसाबरोबर धरलेला मृग बहार आणि पावसाळ्याच्या शेवटी धरलेला हस्त बहार. आंबे बहाराचा ताण देणे सर्वांत सोपे, कारण थंडीत पाणी तोडले की झाड आपोआप पानगळ करते. पण या बहाराचे फळ पूर्ण उन्हाळा झाडावर असते. भगवा घ्या नाही तर मृदुला घ्या, एप्रिल आणि मे महिन्यांतून कोणाचीही सुटका नाही. साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतराने एकरी तीनशे झाडे बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकने दररोज ४० लिटर पाणी धरले, तर एकराला दिवसाला १२,००० लिटर होतात. म्हणजे रोज एक मोठा टँकर! मे महिन्यात आपली विहीर रोज एक टँकर भरून देईल काय, याचे उत्तर प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःलाच द्यावे. पाणी कमी पडून मग जूनच्या पहिल्या पावसाने एकदम मिळाले, म्हणजे फळे तडकतात, हे निराळेच.

मृग बहाराला पाणी निसर्ग देतो. ऑक्टोबरपर्यंत विहिरीकडे पाहावे लागत नाही, आणि भगव्याची काढणीसुद्धा जानेवारीच्या आसपास आटोपते. पाण्याच्या हिशेबाने आपल्याला हाच बहार सोयीचा वाटेल. परंतु याच काळात तेल्या येतो.

तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. पानांवर व फळांवर प्रथम तेलकट डाग पडतात, ते काळे होतात आणि शेवटी फळ त्या डागावरून उकलते. ढगाळ, दमट हवा आणि पावसाचे उडणारे थेंब हे त्याचे वाहन. कोणतीही प्रचलित जात त्याला दाद देत नाही अशी नाही; गणेश, मृदुला, आरक्ता, भगवा, सर्वांवर तो येतो. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्याने सोलापूर व नाशिक भागातील कितीतरी बागा संपवल्या. येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्याकडे डाळिंबाचा विषय निघाला की सांगोला आणि आटपाडीची उदाहरणे दिली जातात. तो भाग आपल्यापेक्षा कोरडा आहे, जमीन हलकी व मुरमाड आहे. आपल्या जिल्ह्यात पाऊस वार्षिक सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि दुधनेच्या खोऱ्यातील पुष्कळ जमीन काळी आहे. ज्या रोगाने कोरड्या सांगोल्याला जेरीस आणले, तो आपल्या पावसात मवाळ होईल, असे मानण्यास काही आधार नाही.

राहिला हस्त बहार. यात फळे थंडीत व कोरड्या हवेत वाढतात, म्हणून तेल्याचा उपद्रव कमी, रंग उत्तम आणि बाजारात फळ कमी असल्याने भावही बरा. पण हा बहार धरण्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी झाडाला ताण बसावा लागतो. भारी काळ्या जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओलावा हटत नाही, झाड पाने टाकीत नाही आणि फूल येत नाही. ताण बसू शकतो तो उताराच्या, मुरमाड, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत. आणि आता तो महिना-दीड महिन्याचा फरक पुन्हा आठवावा. हस्त बहारातील मृदुला व आरक्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून जातात. भगवा मात्र एप्रिलपर्यंत पाणी मागतो. ज्याची विहीर मार्चअखेर तळ दाखवते, त्याला हा फरक एका जातीचा नसून पिकाचा आहे.

यावरून माझे मत असे बनले आहे, आणि ते मी कोणाची भीड न धरता सांगतो. भारी काळ्या जमिनीत डाळिंब लावूच नये, मग जात कोणतीही असो. तेथे कपाशी, तूर, सोयाबीन आहेत. शिवाय अशा पाणथळ जमिनीत मर रोगाचे भय असते, आणि मर लागलेले झाड वाचत नाही. मुरमाड जमीन आहे आणि शेततळे किंवा एप्रिलपर्यंत पुरणारी विहीर आहे, त्याने भगवा लावावा व हस्त बहार धरावा. जमीन तशीच आहे पण पाणी मार्चपर्यंतच आहे, त्याने मृदुला किंवा आरक्ता लावून जवळच्या बाजारावर समाधान मानावे. व्यापारी भगव्याचाच आग्रह धरील. त्याला आपली विहीर ठाऊक नसते.

कलमे कोठून आणावीत?

जातीइतकाच, किंबहुना जातीहून मोठा प्रश्न हा आहे. तेल्या आणि मर हे दोन्ही रोग गुटी कलमाबरोबर प्रवास करतात. पाने स्वच्छ दिसत असली तरी फांदीत रोग असू शकतो. मी स्वतः ही किंमत मोजली आहे. एका बागेतून स्वस्तात मिळालेली गुटी कलमे मी आणली. ती जोमाने फुटली, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पानांवर तेलकट डाग दिसले. कलमामागे जे थोडे पैसे वाचले होते, ते पहिल्या दोन फवारण्यांत गेले. त्याहून वाईट म्हणजे, शेजारच्याची बाग त्याआधी निरोगी होती. वाऱ्यापावसाला बांध समजत नाही. तो शेजारी मला काही बोलला नाही, पण पुढे त्याने नवी झाडे लावली नाहीत.

या एका बाबतीत पंचायतीला करण्यासारखे पुष्कळ आहे. १९९० साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हापासून फळझाडांसाठी शासनाचे साहाय्य या ना त्या योजनेतून मिळत आले आहे. अशा योजनेत कलमांची खरेदी गावातून एकत्रितपणे होते किंवा होऊ शकते. ती कृषी विद्यापीठाच्या, संशोधन केंद्राच्या अथवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच व्हावी, पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे, आणि रोगट बागेतून कलमे गावात येऊ नयेत एवढा ठराव ग्रामसभेने केला, तरी पुढची बरीच हानी टळेल. जिल्ह्यात खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरला विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. खरेदीपूर्वी तेथील तज्ज्ञांना एक पत्र टाकावे. छाटणीची कात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत नेताना धुऊन, जंतुनाशकात बुडवून न्यावी, ही गोष्ट छाटणी करणाऱ्या मजुरांनाही समजावून सांगितली पाहिजे.

आता अंजिराकडे वळू. हे फळ मराठवाड्याला परके नाही. दौलताबादचे अंजीर जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. पुण्याकडे पुरंदर तालुक्यात पुणे अंजिराच्या बागा आहेत, आणि पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दौलताबाद जातीतून निवड करून ‘दिनकर’ हे वाण दिले. उत्पादन आणि फळाचा दर्जा या दोन्ही दृष्टींनी ते मूळ जातीपेक्षा सरस आहे. आपल्या हवामानातूनच निघालेले वाण म्हणून वाटूरसाठी मी ते प्रथम सुचवीन. पुणे अंजीर आणि त्यातूनच निवडलेले ‘फुले राजेवाडी’ हेही चालतील. ‘डायना’ नावाचे परदेशी वाण सुकविण्यासाठी चांगले म्हणतात; पण सुकविण्याची सोय, म्हणजे स्वच्छ जागा, जाळी व विक्रीची व्यवस्था, आधी हवी. ती नसताना केवळ नावासाठी डायना लावण्यात अर्थ नाही.

एका गैरसमजाचा उल्लेख करतो. बाजारात सुतळीत ओवलेले सुके अंजीर मिळते. ते बहुतांशी अफगाणिस्तानातून येते. ते गोड लागले की काही जण त्यातील बिया पेरतात, किंवा कोणी ‘हेच अंजीर’ म्हणून रोपे विकावयास आणतो. अंजिरात असे काही प्रकार आहेत की ज्यांचे फळ परागीकरणाशिवाय धरतच नाही, आणि ते परागीकरण एक विशिष्ट, अतिशय बारीक गांधीलमाशीसारखा कीटक करतो. स्मर्ना अंजीर या प्रकारातले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात स्मर्ना अंजिराची झाडे लावली तेव्हा ती वाढली, पण फळे गळून पडत. शेवटी १८९९ साली तो कीटक तेथे नेऊन स्थिर करण्यात आला, तेव्हा फळ टिकू लागले. गुरुजींनी मुलांना हा धडा शिकविण्यासाठी पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. ओढ्याकाठचे उंबर फोडून दाखवावे. आपण ज्यांना केंबरे म्हणतो, ती उंबराच्या फळात राहून हेच काम करीत असतात. एरवी उंबर फोडून केंबरे काढू नयेत म्हणतात, शाळेत काढावीत! पुणे, दौलताबाद आणि दिनकर या अंजिरांना मात्र अशा कीटकाची गरज नसते. एकटे झाडही फळ देते, आणि म्हणूनच ते परसात लावण्यास योग्य ठरते.

अंजिराला मध्यम खोलीची, चुनखडीयुक्त, खाली मुरूम असलेली जमीन मानवते. काळ्या चिकट जमिनीबद्दल डाळिंबाच्या बाबतीत जे सांगितले तेच येथेही. झाड पाण्याचा ताण सोसते, फळ मात्र सोसत नाही. पावसाळी खट्टा बहार व उन्हाळ्यात निघणारा मीठा बहार या दोन नावांतच त्यांची गुणवत्ता सांगितलेली आहे. मीठा बहार घ्यावयाचा तर मार्च-एप्रिलचे पाणी राखून ठेवावे लागते. फळ नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी आणि फांदीवर डोळ्याजवळ खाचा पाडणे ही कामे शिकून घ्यावीत. पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या खालच्या बाजूस तांबेरा येतो व पाने झडतात. परसातील एका झाडाची रोगट पाने वेचून जाळली तरी पुष्कळ काम होते, बागेत फवारणीला पर्याय नाही.

अंजिराची खरी अडचण शेतात नसून रस्त्यावर आहे. पिकलेले अंजीर दोन दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. पहाटे तोडावे, पानांच्या थरात पाटीत भरावे आणि त्याच दिवशी विकावे. वाटूर फाट्यावरून जालना, मंठा आणि परतूर या तिन्ही बाजूंना वाहने जातात, ही या गावाची मोठी सोय आहे. रस्त्याच्या कडेला ताजे फळ विकले जाईल. पण फाट्यावर किती अंजीर खपेल, यालाही मर्यादा आहे. गावात चार-पाच जणांनी मिळून शे-दीडशे झाडे लावावीत, विक्रीची घडी बसवावी आणि मगच एकराचा विचार करावा. एकरभर अंजीर पिकवून ते दुसऱ्या दिवशी गुरांपुढे टाकण्याची वेळ मी पाहिलेली आहे.

शाळा, अंगणवाडी आणि घराचे परस यांचा विचार याहून वेगळा. तेथे निर्यात नाही, त्यामुळे जाड सालीचे महत्त्व नाही. तेथे मऊ बी, गोड दाणा आणि लवकर येणारे फळ महत्त्वाचे. म्हणून परसात गणेश किंवा मृदुला, अंगणवाडीत मिळाल्यास सोलापूर लाल, आणि शाळेत या तिन्हींची एकेक जोडी लावावी, म्हणजे दाण्याचा रंग, बियांचा टणकपणा आणि काढणीचा काळ मुलांना शेजारी शेजारी पाहता येईल. हापशाजवळ वाहून जाणारे पाणी अशा पाच-दहा झाडांना पुरते; फक्त ते बुंध्याशी साचू देऊ नये. अंजिराचे एक झाड कुंपणापासून आत लावावे. त्याचा चीक कोवळ्या कातडीला झोंबतो, तेव्हा फळे तोडण्याचे काम मोठ्या मुलांकडे द्यावे. आणि वटवाघळे व पाखरे यांचा वाटा धरून चालावे, नाही तर जाळी लावावी. जेथे शेतातल्या डाळिंबाच्या बागा जवळ असतील, तेथे शाळेतले झाडही रोगमुक्त ठेवणे भाग आहे. सुट्टीत दुर्लक्षित राहिलेले एक रोगट झाडसुद्धा शेजारच्या बागेला पुरते.

आता राहिले खड्डे. लागवड जून-जुलैत करावयाची, पण खड्डे एप्रिल-मेमध्येच दोन फूट लांब, तितकेच रुंद व खोल घेऊन उन्हात तापू द्यावेत. त्या निमित्ताने एक फायदा होतो. दोन फूट खणल्यावर खाली काय लागते, ते आपल्याला प्रत्यक्ष दिसते. मुरूम लागला तर ठीक. काळी माती तशीच खाली जात असेल, तर तो खड्डा बुजवून दुसरी जागा पाहावी. शाळेच्या मागची जागा मघाशी सरपंचांनी मला दाखवली. वरून ती मुरमाड दिसते. तेथे कुदळ मागवून ठेवली आहे; आपण सर्व जण तिकडे जाऊ, आणि आपल्या शंकाही तेथेच विचाराव्यात.